टक्का वजनाचा, माप आकारमानाचे: ॲसिड पातळ करण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात ॲसिड पातळ करण्याविषयीचे प्रश्न इतके आले की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बडोद्यात ते साहजिकही आहे. इथे १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचे विद्यालय सुरू झाले, १९०७ साली अलेंबिक ही रसायने-औषधांची कंपनी निघाली, आणि आज नंदेसरीपासून मकरपुऱ्यापर्यंत ॲसिडचा कॅरबॉय (मोठा बुधला) न दिसणारी गल्ली शोधावी लागते. पत्रे शाळेतून, कारखान्यातून, दुकानातून आणि घरातून आली आहेत. पण बहुतेक पत्रांतली अडचण एकाच ठिकाणी आहे: बाटलीवर छापलेला टक्का वजनाचा असतो आणि आपण ॲसिड मोजतो मिलीने. मधला दुवा घनतेचा. तो सुटला की पुढचे सगळे आकडे घसरतात.

प्रयोगशाळा सहायक, रावपुरा: आमच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीवर ‘३५ ते ३८ टक्के, घनता १.१८’ एवढेच आहे, नॉर्मॅलिटी नाही. प्रात्यक्षिकांसाठी १ नॉर्मलचे २ लिटर आणि ०.१ नॉर्मलचे ५ लिटर द्रावण लागते. जुन्या वहीत ‘१२ नॉर्मल धरणे’ असे लिहिलेले आहे. तेच धरावे का?

१२ हा आकडा चुकीचा नाही, पण तो ३७ टक्क्यांच्या ॲसिडचा आहे. तुमची बाटली ३५ ची आहे की ३८ ची, हे लेबल सांगत नाही. म्हणून नॉर्मॅलिटी, म्हणजे लिटरभर ॲसिड किती हायड्रोजन आयन देऊ शकते त्याचे माप, स्वतः काढा.

घनता १.१८ म्हणजे एक लिटर ॲसिडचे वजन ११८० ग्रॅम. त्यातले ३५ टक्के, म्हणजे ४१३ ग्रॅम, खरे हायड्रोजन क्लोराइड; बाकीचे पाणी. हायड्रोजन क्लोराइडचा रेणुभार ३६.४६. ४१३ ला ३६.४६ ने भागले की ११.३ येतात. ३८ टक्के धरले तर हाच हिशोब १२.३ वर जातो. मुलांना सूत्र द्यायचे असेल तर असे द्या: टक्का × घनता × १०, भागिले रेणुभार. त्यातला १० कुठून आला हेही सांगा: लिटरचे १००० मिली आणि टक्क्याचे १००, म्हणून १०. नुसते पाठ केलेले सूत्र परीक्षेनंतर आठवड्यात विसरते.

आता पातळ करण्याचा हिशोब. आधीची नॉर्मॅलिटी गुणिले आधीचे मिली बरोबर नंतरची नॉर्मॅलिटी गुणिले नंतरचे मिली. १ नॉर्मलच्या २००० मिलीसाठी, ११.३ धरले तर १७७ मिली ॲसिड लागते, १२.३ धरले तर १६३ मिली. दोन्हींत १४ मिलीचा फरक आहे. आमचे सांगणे असे की लेबलवरचा खालचा टक्का धरा आणि १७७ मिलीच घ्या. द्रावण १ ते १.०९ नॉर्मलच्या दरम्यान येईल, म्हणजे झाले तर थोडे तीव्र होईल. तीव्र द्रावणात मोजून पाणी घालणे सोपे असते. सौम्य झालेल्यात पुन्हा संहत ॲसिडचे थेंब मोजत बसणे फार कटकटीचे.

कृती करताना बीकरमध्ये आधी साधारण एक लिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. २५० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरने १७७ मिली ॲसिड मोजून काचकांडीवरून सावकाश सोडा, ढवळा, गार होऊ द्या, मग २ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. गार होण्याआधी खूण गाठली तर द्रावण निवल्यावर पातळी खाली उतरते आणि तुम्ही वर आणखी पाणी घालता. ही चूक फार सर्रास होते. संहत ॲसिड पिपेटने मोजायची इथे गरज नाही. तोंडाने ओढायची तर कधीच नाही.

०.१ नॉर्मलचे ५ लिटर मात्र थेट बाटलीतून करू नका. १ नॉर्मल द्रावणाची नेमकी नॉर्मॅलिटी अनुमापनाने (टायट्रेशनने) ठरवून घ्या आणि त्यातले ५०० मिली ५ लिटर करा. एकच अनुमापन दोन्ही द्रावणांना पुरते.

बाटलीविषयी दोन गोष्टी. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हायड्रोक्लोरिकच्या बाटलीत वाफेचा दाब साठतो. बूच एकदम फिरवले तर धूर तोंडावर येतो. बाटली गार जागी ठेवा आणि बूच खिडकीपाशी किंवा फ्यूम हूडमध्ये, हळूहळू, तोंड लांब धरून सैल करा. दुसरे, ही बाटली तराजू आणि सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात नको, अमोनियाच्या शेजारी तर मुळीच नको. कपाटातल्या काचांवर बसणारी पांढरी पूड म्हणजे या दोघांच्या वाफा मिळून झालेला नवसागर असतो, आणि त्याच वाफेने तराजूचे पाते गंजते.

बारावीची विद्यार्थिनी, प्रतापनगर: ९८ टक्के, १.८४ घनतेच्या सल्फ्युरिक ॲसिडपासून १ नॉर्मलचे १ लिटर करायचे होते. माझे उत्तर ५४ मिली आले, सरांचे २७. सूत्र तर तेच वापरले.

सूत्र बरोबर आहे, पण त्याने तुला मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल) मिळाली: ९८ × १.८४ × १० भागिले ९८.०८, म्हणजे १८.४ मोलार. सल्फ्युरिकचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून नॉर्मॅलिटी दुप्पट, ३६.८. हजाराला ३६.८ ने भाग, २७.२ मिली येतील. ५४ मिली घेतलेस तर द्रावण २ नॉर्मलचे होईल. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी समीकरणाच्या दोन बाजूंना कधी मिसळू नकोस, एवढे सांभाळले की पुरे.

हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि ॲसिटिकमध्ये हा फरक पडत नाही. फॉस्फोरिकमध्ये मात्र नॉर्मॅलिटी कोणता दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारे द्रव्य) वापरला त्यावर बदलते: मिथिल ऑरेंजला एक हायड्रोजन मोजला जातो, फिनॉल्फ्थॅलीनला दोन. म्हणून त्याच्या बाबतीत मोलॅरिटीच लिहावी. ताडून पाहायला १ मोलारच्या १ लिटरसाठी लागणारी मापे अशी: ७० टक्के नायट्रिक सुमारे ६३ मिली, ग्लेशियल ॲसिटिक साडेसत्तावन्न, ८५ टक्के फॉस्फोरिक ६८.

क्यू.सी. (गुणवत्ता तपासणी) विभाग, नंदेसरी: ३७ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड ८.४ मिली अगदी काटेकोर घेऊन १ लिटर केले. हिशोबाने ०.१००० नॉर्मल यायला हवे होते. सोडियम कार्बोनेटने तपासले तर ०.१५१२ ग्रॅमला २९.७८ मिली गेले, म्हणजे ०.०९५८. तीनदा केले, तेच. डिस्टिल्ड पाणी संपले होते म्हणून सॉफ्टनरचे पाणी वापरले. त्याचा हार्डनेस शून्य आहे. चूक कुठे?

अनुमापन तुमचे नीट आहे, आणि बहुधा दोष पाण्यात आहे.

सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेटला तो हात लावत नाही. त्यामुळे हार्डनेस शून्य दिसतो, पण अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड मारण्याची पाण्याची ताकद, जशीच्या तशी राहते. बोअरच्या पाण्यात ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात (तुल्यभार ५०) लिटरला २०० मिलिग्रॅम असणे नवलाचे नाही. २०० भागिले ५० म्हणजे ४ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे ०.००४ नॉर्मल. द्रावण खुणेपर्यंत भरता भरता तेवढे ॲसिड पाण्यानेच खाऊन टाकले. ०.१००० वजा ०.००४ म्हणजे ०.०९६, तुमचा आकडा त्याला येऊन चिकटला आहे. हेच पाणी १ नॉर्मल द्रावणाला वापरले असते तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता. ०.०२ नॉर्मलमध्ये मात्र पाचवा हिस्सा गेला असता. जितके द्रावण सौम्य, तितकी पाण्याची शुद्धता महत्त्वाची. खात्री करायची असेल तर ते पाणी १०० मिली घ्या, मिथिल ऑरेंज घाला आणि याच ॲसिडने पिवळ्याचे नारिंगी होईपर्यंत पाहा. ४ मिलीच्या आसपास गेले तर उत्तर मिळाले.

दुसऱ्या शक्यताही पाहू, कारण चुकीची दिशा कळली की शोध निम्मा होतो. सोडियम कार्बोनेट नीट वाळवलेले नसेल तर नॉर्मॅलिटी जास्त दिसते, कमी नाही: वजनात ओलावा मोजला जातो आणि ॲसिड कमी लागते. ते २७० °से ला तासभर तापवून डेसिकेटरमध्ये गार केलेले असावे. मिथिल रेड वापरताना द्रावण उकळून कार्बन डायऑक्साइड काढला नाही तर रंग लवकर बदलतो, आणि पुन्हा आकडा जास्तच येतो. म्हणजे या दोन चुका तुमच्याकडे असतील तर खरी नॉर्मॅलिटी ०.०९५८ हूनही कमी आहे. उलट ब्युरेट पाण्याने धुऊन त्याच ॲसिडने खंगाळली नसेल, चावीखाली बुडबुडा राहिला असेल, किंवा रंग ओलांडून पुढे गेला असाल, तर आकडा कमी येतो. तीनही वेळा तेच वाचन आले म्हणून बुडबुड्याचा संशय कमी. बाटली बरेच दिवस उघडझाप होत असेल तर ॲसिडही ३७ टक्क्यांचे राहिलेले नसते.

दुरुस्तीचे म्हणाल तर ९५० मिलीत ०.००४२ ची तूट म्हणजे ४ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे संहत ॲसिड जेमतेम ०.३४ मिली. एवढे मोजून घालणे हा नुसता वैताग आहे. फॅक्टर ०.९५८ (खरी नॉर्मॅलिटी भागिले ०.१) लेबलवर लिहून ते द्रावण वापरून टाका आणि पुढच्या वेळी ८.४ ऐवजी ९ मिली घ्या. समजा तेव्हा ०.१०३६ आले आणि ९५० मिली उरले आहे. ९५० × १.०३६ म्हणजे ९८४.२, तेव्हा ३४.२ मिली डिस्टिल्ड पाणी घालून हलवा आणि पुन्हा एकदा तपासा. पाणी घातल्यावर न तपासता लेबल लावू नये. लेबलवर तारीख, फॅक्टर आणि करणाऱ्याची सही हवी.

पिकलिंग (ॲसिडने गंज काढणे) विभाग, मकरपुरा: लोखंडी भाग धुण्यासाठी २० लिटर ‘१० टक्के सल्फ्युरिक’ करायचे असते. एका पाळीचा माणूस २ लिटर ॲसिड घालतो, दुसरा सव्वा लिटरही घालत नाही. दोघेही आपलेच बरोबर म्हणतात. शिवाय ‘१:१’ लिहिलेले असेल तर काय समजायचे?

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही. एकाचा टक्का आकारमानाचा, दुसऱ्याचा वजनाचा.

आकारमानाने १० टक्के म्हणजे २० लिटरमध्ये २ लिटर. वजनाने १० टक्के असेल तर त्या द्रावणाची घनता सुमारे १.०६६ असते, २० लिटरचे वजन २१.३ किलो, त्यात शुद्ध ॲसिड २.१३ किलो. ९८ टक्क्यांचे घ्यायचे म्हणून ०.९८ ने भागा, २.१८ किलो, १.८४ ने भागा, १.१८ लिटर. पाणी साधारण १९.१ लिटर. पहिल्या पाळीची टाकी खरे तर वजनाने १६ टक्क्यांच्या आसपास जाते. तिच्यात ठेवलेला भाग दुसऱ्या पाळीच्या वेळेइतकाच ठेवला तर मूळ लोखंडही जास्त खाल्ले जाते, आणि नंतर प्लेटिंगला खड्डे दिसले की दोष प्लेटिंगवर येतो. तक्त्यावर ‘१० टक्के’ लिहिणे बंद करा. ‘पाणी १९ लिटर, ॲसिड १.१८ लिटर’ असे सरळ लिहा.

१:१ चा घोळ याहून सोपा. रसायनशास्त्रात ‘१+१’ म्हणजे एक माप ॲसिड आणि एक माप पाणी, यात शंका राहत नाही. ‘१:४’ मात्र काही जण एकास चार पाणी समजतात, काही जण एकूण चारात एक. म्हणून अधिकचे चिन्ह वापरा.

आता ॲसिड आणि पाण्याची बेरीज. सल्फ्युरिकच्या बाबतीत ५० मिली ॲसिड आणि ५० मिली पाणी मिळून १०० मिली होत नाही. गार झाल्यावर सुमारे ९२ मिली भरते. वजन कुठे जात नाही, ९२ आणि ५० मिळून १४२ ग्रॅम राहतेच. रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि जागा आक्रसते. म्हणून ‘एकूण इतके लिटर’ हवे असेल तर द्रावण गार करून मग खुणेपर्यंत पाणी घालावे. बेरजेवर भिस्त ठेवू नये.

ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही. हे सगळ्यांना पाठ असते, कारण मात्र थोड्यांना ठाऊक. पाणी हलके, ॲसिड जवळजवळ दुप्पट जड. वरून पाणी ओतले तर ते तळाला न जाता पृष्ठभागावरच तरंगते, तिथेच सगळी उष्णता निघते, पाण्याचा तो पातळ थर उकळून फुटतो आणि सोबत ॲसिड उडवतो. ॲसिड पाण्यात सोडले की ते खाली बुडते आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. तरी उष्णता असतेच. १८ लिटर पाण्यात २ लिटर ॲसिड घातले तर तापमान तिशीवरून साठीच्या पुढे जाते. १+१ भरभर मिसळले तर ते १०० °से ही ओलांडते. त्यामुळे २ लिटर ॲसिड अर्ध्या तासात, ढवळत ढवळत घाला. बाहेरून हात लावून पिंप जास्त गरम वाटले तर थांबा.

भांडे एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनचे जाड टाके असावे. प्रयोगशाळेत बोरोसिलिकेट बीकर. मेजरिंग सिलिंडरमध्ये किंवा व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये सल्फ्युरिक मिसळू नका. उष्णतेने जाड बुडाला तडा जातो आणि फ्लास्कचे मापही बिघडते. ॲल्युमिनियम आणि गॅल्व्हनाइज्ड बादली तर नकोच: पातळ ॲसिडात ती विरघळते आणि हायड्रोजन निघतो. संहत सल्फ्युरिक लोखंडी टाकीत टिकते म्हणून पातळही टिकेल असे समजणारे लोक आहेत. पातळ ॲसिड लोखंडाला संहतपेक्षा कितीतरी वेगाने खाते, आणि तुमचे पिकलिंग त्याच्याच जोरावर चालते.

हायड्रोक्लोरिकने पिकलिंग करत असाल तर आणखी एक लक्षात घ्या: कॅरबॉयमधले व्यापारी ॲसिड ३७ टक्क्यांचे नसून बहुधा ३० च्या आसपास असते, म्हणजे साडेनऊ नॉर्मल. लॅबच्या बाटलीचा तक्ता त्याला लावू नका.

शाळेतील शिक्षिका, कारेलीबाग: ॲसिड सांडले तर खाण्याचा सोडा किती घालावा? आणि अंगावर उडाले तर तोच सोडा लावावा का?

अंगावर सोडा लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धरा, ॲसिड लागलेले कपडे त्याच वेळी काढा. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या ठेवून तेवढाच वेळ धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. सोडा शोधण्यात गेलेले एक मिनिट फार महाग पडते.

फरशीवर सांडलेल्या संहत हायड्रोक्लोरिकच्या १ मिलीला १ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, संहत सल्फ्युरिकच्या १ मिलीला ३ ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे १०० मिली सल्फ्युरिक सांडले तर पाकीटभर नव्हे, ३१० ग्रॅम. वर्गात दोन किलोचा डबा ठेवा. सोडा कडेकडेने टाकत आत या, म्हणजे ओघळ पसरत नाही. फेस येणे थांबले की झाले. लाकडाचा भुसा आणि चिंध्या वापरू नका. संहत सल्फ्युरिकने त्या करपतात आणि नायट्रिकने पेटूही शकतात. कॉस्टिक सोड्याने तर आणखी उष्णता होते.

बॅटरीचे दुकान, वाडी: नवीन बॅटरीत भरायला १.२५० चे ॲसिड लागते. ९८ टक्क्यांच्या ॲसिडपासून १० लिटर कसे करावे? कधी कधी १.४०० चे तयार ॲसिड मिळते, त्यात किती पाणी? आणि दुपारी हायड्रोमीटर कमी का दाखवतो?

१.२५० घनतेच्या द्रावणात वजनाने जवळजवळ ३३.८ टक्के सल्फ्युरिक असते. १० लिटरचे वजन १२.५ किलो, त्यात शुद्ध ॲसिड ४.२३ किलो, म्हणजे ९८ टक्क्यांचे ४.३१ किलो, म्हणजे २.३४ लिटर. पाणी १२.५ वजा ४.३१, म्हणजे ८.१९ लिटर. बेरीज साडेदहा लिटर होते, तरी गार झाल्यावर १० लिटरच भरेल. वर सांगितलेले आक्रसणे इथेही आहे. वजनाने मोजाल तर हा घोळच येत नाही, म्हणून दुकानात काटा ठेवा. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड असावे. पाण्यातले लोह आणि क्लोराइड बॅटरीच्या प्लेटा बिघडवतात आणि आपोआप डिस्चार्ज वाढवतात.

१.४०० च्या ॲसिडला घनतेची सरासरी काढून पाणी घालणे ही नेहमीची चूक. १.४० वजा १.२५ म्हणजे ०.१५, १.२५ वजा १ म्हणजे ०.२५, म्हणून लिटरला ०.६ लिटर पाणी, असा हिशोब करतात. त्याने गार झाल्यावर १.२६ च्या वर उरते. सरासरी टक्क्यांची काढा: १.४०० चे ॲसिड साधारण ५०.५ टक्के, हवे ३३.८. ॲसिडचे ३३.८ भाग आणि पाण्याचे १६.७ भाग, दोन्ही वजनाने. १० किलो ॲसिडला ४.९४ लिटर पाणी. हेच लिटरमध्ये पाहिले तर लिटर ॲसिडला ०.६९ लिटर.

दुपारचे म्हणाल तर द्रावण तापले की फुगते आणि हलके होते. दर अंशाला ०.०००७ चा फरक धरा. हायड्रोमीटर २७ °से ला जुळवलेला असेल आणि ४५ °से च्या द्रावणात १.२३८ दाखवत असेल, तर १८ गुणिले ०.०००७ म्हणजे ०.०१३ मिळवा, १.२५१ झाले, द्रावण बरोबर आहे. तेव्हा गरम द्रावणात घाईने ॲसिड वाढवू नका. ट्वाडेल किंवा बॉमे अंशांचा जुना हायड्रोमीटर हाती आला तर १.२५० म्हणजे ५० ट्वाडेल किंवा २९ बॉमे.

चालू बॅटरीतली पातळी खाली गेली तर फक्त डिस्टिल्ड पाणी. गॅसिंगमध्ये पाणीच उडते, ॲसिड आत राहते. वरून ॲसिड घालाल तर ते वाढत जाते आणि प्लेटा लवकर जातात.

वाचक, गोत्री: नवीन घराच्या फरशीवर सिमेंटचे डाग आहेत. फरशीचे ॲसिड किती पातळ करावे?

फरशी कोणती, हे आधी पाहा. कोटा किंवा संगमरवर असेल तर ॲसिड कितीही पातळ करून लावू नका. तो दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डागाबरोबर पॉलिशही जाते आणि परत घासून घ्यावे लागते. कुठल्याशा कोपऱ्यात थेंब टाकून फेस येतो का ते बघा. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल असेल तर १ माप ॲसिड आणि १० मापे पाणी, ॲसिड पाण्यात. फरशी आधी साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे सांध्यांतले सिमेंट ॲसिड शोषून घेणार नाही. ४-५ मिनिटांत नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. त्याच दिवशी ब्लीचिंग पावडर किंवा संडास साफ करायचे ब्लीच लावू नका. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो. दुकानदाराने ओळखपत्र मागितले तर रागावू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशानुसार ॲसिड विकताना नोंद ठेवणे आणि ओळख पाहणे बंधनकारक आहे, आणि १८ वर्षांखालच्यांना ते विकता येत नाही.

प्रयोगशाळा सहायक, दांडिया बाजार: एका बाटलीचे लेबल गळून गेले आहे. हायड्रोक्लोरिक असावे असे वाटते. तीव्रता कळेल का?

तीव्रता कळेल, पण आधी ते कोणते हे ठरवा, ‘वाटते’ पुरेसे नाही. थोडे डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात थेंबभर ॲसिड सोडा. त्याचे दोन भाग करा. एकात सिल्व्हर नायट्रेटने पांढरा, अमोनियात विरघळणारा साका आला आणि दुसऱ्यात बेरियम क्लोराइडने काहीच आले नाही, तर हायड्रोक्लोरिक. बेरियमने पांढरा साका आला तर सल्फ्युरिक आहे किंवा मिसळलेले आहे. मग पुढचा हिशोब करू नका.

हायड्रोक्लोरिकच असेल तर बूच असलेल्या शंकूपात्रात २० मिली पाणी घेऊन वजन करा. ड्रॉपरने साधारण १ मिली ॲसिड पाण्यात सोडा, लगेच बूच लावून पुन्हा वजन करा. पाण्यात सोडल्यामुळे वाफ उडून वजन बिघडत नाही. मग फिनॉल्फ्थॅलीन घालून, तपासलेल्या १ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने फिका गुलाबी रंग येईपर्यंत अनुमापन करा. समजा ॲसिड १.१५० ग्रॅम भरले आणि सोडा ११.२ मिली गेला. ११.२ गुणिले ३६.४६ म्हणजे ४०८ मिलिग्रॅम. भागिले ११५०, म्हणजे ३५.५ टक्के. दोनदा करा, आणि दोन्ही उत्तरे अर्ध्या टक्क्याच्या आत असतील तर सरासरी नवीन लेबलवर लिहा, शेजारी आजची तारीख घालून.